घट बसले की गोळ्या बंद

सोयाबीनची पानं गळाली आणि शेंगा वाजायला लागल्या, की मी पिशवी भरते. दोन लुगडी, चष्मा, पायाला चोळायचं तेल, भगरीचा पुडा. नांदेडच्या स्टँडवरून बिलोलीची गाडी पकडते. सून दरवर्षी विचारते, "घरचे घट सोडून परक्याच्या दारात काय हाय तुमचं?"

"काम हाय," मी म्हणते.

कामच आहे. नवरात्राचे नऊ दिवस एका पोरीच्या पोटात रोज गोळी जाते की नाही, ते बघायचं असतं. गोळी चुकली तर तिला झटका येतो. झटका आला तर गाव म्हणतं, देवी आली. म्हणून तिची आई घट बसले की गोळ्या बंद करते.

पोरगी माझ्या नात्यातली नाही. तिचं नाव अश्विनी. किनवटकडच्या एका निवासी शाळेत मी स्वयंपाकाला होते, तेव्हा ती तिथं शिकायला होती. ती रग्बी खेळायची. आता विशीतली आहे आणि घरीच असते.

गाडी नायगावच्या पुढं गेली की अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत पडलेलं असतं. मळणीयंत्राची धूळ खिडकीतून आत येते, घसा खवखवतो. रस्त्याच्या कडेनं अनवाणी बायका चाललेल्या दिसतात. कोणाचा नवस असतो, कोणाचा नेम. बाकीचे लोक त्यांच्या कपाळावरचं कुंकू बघत असतील. माझी नजर त्यांच्या तळपायावर जाते. कापलेल्या सोयाबीनची खुंटं तिरपी राहतात आणि खिळ्यासारखी टोचतात. ज्यानं शेतात पाय ठेवलाय त्याला ते सांगावं लागत नाही.

किनवटला शाळेच्या भिंतीला लागून सागाची झाडं होती. आगगाडी गेली की माझ्या फळीवरची ताटं बारीक वाजायची. शाळेमागं मैदान होतं, म्हणजे काळं रानच. पावसाळ्यात कुंपण पडायचं, गावची गुरं आत शिरायची आणि चिखलात त्यांच्या खुरांचे खड्डे उमटायचे. भादव्याच्या उन्हात ते तसेच वाळायचे. काळी माती वाळली की तिची वीट होते. त्या विटेवर वाटीएवढे खड्डे, आणि वरून पळणाऱ्या पोरी.

सात जणी इकडं, सात जणी तिकडं. मधे एक लांबट चेंडू. पोरी त्याला पपई म्हणायच्या. पपई पोटाशी धरून पुढं पळायचं, पण मैत्रिणीला द्यायची झाली तर मागं टाकायची. समोरचीनं कमरेला मिठी मारून पाडायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खेळाच्या सरांना विचारलं, "सर, हे भांडण कशावरून लागलंय?"

सर हसले. "मावशी, ह्याच भांडणानं पोरी पुढं जातील."

सर मूळचे कबड्डीचे. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की कबड्डीला गावोगावचे संघ येतात, रग्बीला फार शाळा उतरत नाहीत. जिल्हा लवकर पार होतो, मग विभाग, मग राज्य. दहावीला वाढीव गुण मिळतात, पुढं नोकरीतही खेळाडूंना जागा असते. सरांनी कुठंतरी थोडे दिवस शिकून घेतलं, दोन पपया आणल्या आणि कबड्डीच्याच पोरी रग्बीला उभ्या केल्या. माणूस वाईट नव्हता. स्वतःची पोरगी असल्यासारखं प्रत्येकीला ओरडायचा.

पण कबड्डीच्या पोरींचं अंग कबड्डीचं. कबड्डीत घोट्याला झेप मारायची असते. मान खाली, डोकं पुढं. समोरची उभी असते किंवा दोन पावलं हललेली असते. इथं समोरची लांबून धावत येते, आणि हिचं डोकं तिच्या गुडघ्याच्या वाटेत. सर ओरडायचे, "डोकं बाजूला, डोकं बाजूला." पोरी हाव म्हणायच्या, म्हणजे हो. चेंडू आला की पुन्हा मान खाली. लहानपणापासूनची सवय, ओरडून जात नाही.

मला खेळातलं कळत नव्हतं. मला जेवणाची रांग कळायची. उजव्या हाताची पोरगी डाव्या हातानं ताट पुढं करायला लागली की समजायचं, खांद्याचं काहीतरी झालं. एक पोरगी महिनाभर भाकरी दाढेखाली न घेता वरणात भिजवून गिळायची. तिचा पुढचा दात अर्धा गेला होता. दाताचं रबर असतं म्हणे तोंडात धरायला. ते सगळ्यांना नव्हतं. बाहेर येणारी तोंडातून काढायची, माझ्या बादलीत बुचकळायची, आत जाणारी तोंडात घालायची. बोट मोडलं तर शेजारच्या बोटाला चिंधीनं बांधायचं. घोटा सुजला तर हळद. गुडघा वळला तर हळद. हळद माझ्या ताब्यात होती, म्हणून दवाखानाही माझाच. मी गरम करून लावायचे. तिनं बरं व्हायचं की नाही, हे तिच्या हाडाला ठाऊक.

सरांना कोणी सांगायचं नाही. जी सांगेल ती बाहेर बसेल, आणि बाहेर बसलेलीची जागा घ्यायला दुसरी टपलेलीच असायची. सरांनी विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं, "काही न्हाई झालं सर." रक्त आलं तरच लागलं, अशी त्यांची समजूत. सरांचीही तीच, माझीही तीच.

अश्विनी बिलोलीकडची. थोडी शेती, बाप नांगराच्या मागं, आई सुमन. सुमनची आधीची दोन लेकरं गेली होती. तिनं माहूरच्या देवीला नवस केला, हे लेकरू जगू दे, आम्ही मायलेकी जन्मभर नवरात्र अनवाणी आणि उपाशी धरू. लेकरू जगलं. जगलं म्हणून नऊ दिवस पायात काही घालायचं नाही आणि दिवसातून एकदा भगर खायची. घरी असताना ठीक. घरी पोरगी दारात बसून माळ ओवते. शाळेत तिला तेवढ्याच भगरीवर पळायचं होतं.

मनगट जाड, आवाज मोठा, हसली की शेजारचीला चापट मारणार. तिला उपास करताना बघितलं की माझं डोकं फिरायचं.

"अश्वे, दोन घास भाकर खा."

"उपास हाय मावशी."

"उपास हाय तर पळू नको."

"पळायला भाकर लागती का? पाय लागतात."

"मग पायात तरी घाल काही."

"ते तर मुळीच न्हाई. माय मला जिती सोडील का?"

आणि मग चापट. माझ्या खांद्याला ती अजून आठवते.

आमच्याकडं खेळांच्या स्पर्धा नेमक्या याच दिवसांत येतात. पाऊस सरलेला, सहामाही पुढं, मैदानं कोरडी. स्पर्धा ठरवणाऱ्यांना नवरात्राशी देणंघेणं नसतं आणि नवरात्राला स्पर्धेशी. मधे पोरी असतात. त्या वर्षी जिल्हा जिंकून झाला होता आणि विभागाची स्पर्धा लातूरला होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी सरांनी सराव ठेवला. बाकीच्यांच्या पायात बूट होते, कोणाचे फाटके, कोणाचे मोठे. अश्विनी अनवाणी.

मी चुलीपाशी होते, मला आवाज तेवढा ऐकू आला. नारळ आपटल्यासारखा. पोरींनी नंतर सांगितलं ते असं. अश्विनी झेप घ्यायला वाकली, पाय खुराच्या खड्ड्यात गेला, आणि तिची टाळू सविताच्या गुडघ्यावर बसली. सविता तिची जिवाची मैत्रीण, नेहमी तिच्या शेजारी खेळणारी. रक्त आलं नाही.

वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी तिथल्या ओट्यावर घट बसवले होते. आरतीची वेळ, शेजारच्या वस्तीतल्या बायका जमलेल्या. पोरींनी अश्विनीला धरून त्याच ओट्यावर आणलं, सावलीला. तिचे केस सुटले होते. ती बसल्या जागी डोलत होती. डोळे फिरत होते, एका जागी ठरत नव्हते. मधेच काहीतरी बोलत होती, ज्याचा कशाशी संबंध नव्हता. मग तिला उमासे यायला लागले.

आता सांगा. नवरात्र, घटापुढची जागा, पोरगी उपाशी, अनवाणी, नवसाची. केस मोकळे, अंग डोलतंय, डोळे फिरतायत. कोणती बाई काय म्हणेल?

"आई आली," एकीनं म्हटलं, आणि बाकीच्यांचे हात जोडले गेले.

मी चहाची किटली घेऊन आले तोवर तिचं कपाळ कुंकवानं भरलं होतं. ओटीत लिंबू होतं. वसतिगृहाच्या बाई शिकलेल्या होत्या, पण त्याही गुडघ्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आई, पोरी लातूरला जिंकतील का?"

अश्विनी डोलता डोलता म्हणाली, "हाव."

सगळ्यांनी जयजयकार केला. मी किटली खाली ठेवून तिच्या केसांत बोटं घातली. टाळूवर लिंबाएवढं टेंगूळ होतं.

"हिला लागलंय," मी म्हणाले. "बघा तरी हात लावून."

"मावशी, चुलीचे हात लावू नका," वस्तीतली एक बाई म्हणाली.

मी टेंगळाला हळद लावली. त्या बायकांनी ती देवीची हळद समजून उरलेली आपापल्या कपाळाला लावली.

देवीचं मला वावडं नाही. जोवर जमलं तोवर घट बसवले, अजूनही दिव्यात तेल घालते. पण देवी यायची तर टाळूला टेंगूळ कशाला आणेल, एवढं मला कळत होतं. याहून जास्त कळत नव्हतं. डोक्याच्या आतला मार बाहेरून दिसत नाही आणि दुसऱ्यांदा बारीकसा लागला तरी जीव जाऊ शकतो, हे मी पुढं दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलं. डॉक्टर कोणा दुसऱ्याच पोराच्या बापाला समजावत होते.

सकाळी अश्विनी चहाला आली. तिला काही आठवत नव्हतं. पोरींनीच तिला सगळं सांगितलं होतं आणि ती थोडी घाबरलेली, थोडी फुगलेली होती.

"मावशी, खरंच आई आली होती?"

"मला न्हाई दिसली. मला टेंगूळ दिसलं."

"मस्करी करू नका."

"दुखतंय का?"

"डोकं जड हाय. उजेड टोचून राहिला डोळ्यात."

"सरांना सांग."

"कशाला? बसवतील मला." मग तिनं आवाज खाली आणला. "आन आईनं हाव म्हणलं न्हाई का? मीच न्हाई खेळले तर ते खोटं पडंल."

मीच सरांना सांगितलं. सरांनी तिला बोलावलं, रेघेवरून चालायला लावलं. ती सरळ चालली. "काही न्हाई झालं सर," ती म्हणाली. सरांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि जीपमध्ये बसायला सांगितलं. उपासवाल्या पोरींची भगर करायला मलाही सोबत घेतलं होतं.

लातूर मला आवडत नाही. उगाच नाही, कारण आहे. तिथल्या हवेला डाळीच्या मिलचा वास असतो, टरफलाचा, भाजक्या धुळीचा. आता कुठंही तूर भाजली तरी माझ्या डोळ्यापुढं ते मैदान येतं. एका कडेला शिकवणीला चाललेली पोरं सायकली लावून खेळ बघत उभी होती. ऊन असं, की पाण्याची घागर हाताला भाजत होती. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक सामना, दुपारी दुसरा, मधे भगर.

पहिला सामना आमच्या पोरी जिंकल्या. अश्विनीनं पपई दोनदा पार नेली. पोरी देवीच्या नावानं ओरडत होत्या, ती हात वर करत होती. खेळ संपल्यावर ती घागरीपाशी आली, वाटी तोंडाला लावली आणि पाणी हनुवटीवरून सांडलं. तिला ते समजलं नाही.

"अश्वे, बस आता."

"एकच मॅच राहिली मावशी."

दुपारच्या सामन्यात ती वेगळीच पळत होती. कोणी हाक मारली की डोकं फिरवायला वेळ लागायचा. तिच्याकडं पपई आली, समोरच्या पोरीनं तिला धरलं. मोठा मार नव्हता. त्याहून मोठे मार तिनं रोज झेललेले मी बघितलेत. ती बाजूला पडली, उठून बसली, आमच्याकडं बघून हसली. मग झोपावं तशी आडवी झाली. हातपाय ताठ झाले, डाव्या हाताचा अंगठा मुठीत वळला.

सविता जवळच होती. तिनं हात जोडले. "आई आली," ती म्हणाली.

त्या पोरीला मी दोष देत नाही. तिला दोन दिवसांपूर्वी हेच शिकवलं होतं.

सर धावले. अश्विनीला उचलून ऑटोत घालेपर्यंत त्यांचा शर्ट तिच्या ओकारीनं भरला. डोक्यात आत रक्त साचलं होतं. केस काढले, कवटी उघडली, रक्त काढलं. घट हलवायच्या दिवशी ती शुद्धीवर आली. सुमन तिच्या उशाशी अनवाणी उभी होती. दवाखान्याच्या फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटले होते, मातीचे.

सर पुन्हा कबड्डी घेतात, असं ऐकते. पपया कुठं गेल्या ठाऊक नाही. मैदान अजून तसंच आहे, खुरांसकट.

अश्विनी घरी आली. डावा हात हलका पडला, बोलणं सावकाश झालं. काही महिन्यांनी झटके सुरू झाले. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सुमनला बजावलं, एक दिवसही चुकवायची नाही, एकदम बंद तर कधीच करायची नाही. सुमननं वर्षभर चुकवली नाही. पण घट बसले आणि तिनं गोळ्यांचा डबा फळीवर ठेवला. पाचव्या माळेला अश्विनीला घटापुढंच झटका आला. जीभ चावली गेली. अख्खं गाव लोटलं. बायकांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

सविता लग्न होऊन नांदेडला आली होती, तिनं येऊन मला हे सांगितलं आणि माझ्या दारात रडत बसली. मी पुढच्या नवरात्राला पिशवी भरली.

मी सुमनला समोरासमोर सांगून बघितलं. एकदा नाही, दर वर्षी.

"सुमन, हा मार हाय. देवी न्हाई."

"मावशी, तुम्ही बघितलंय न्हाई का किनवटला? पहिल्यांदा तिथंच आली आई. नवसाच्या पोरीला अर्ध्या चड्डीत मातीत लोळवलं, म्हणून लातूरला कोपली. आता नऊ दिवस बसायला येती. गोळी देऊन तिला दारात अडवू?"

"पोरगी मरंल."

"तिनंच दिलीय. तिला ठाऊक."

मला राग यायचा, अजूनही येतो. पण सुमनच्या दारात इतकी नवरात्रं काढल्यावर मला दुसरंही दिसायला लागलं. दसरा सरला की त्या घरात कोणी येत नाही. डोकं फाडलेली, हात लुळा, कधी झटका येईल नेम नाही, अशा पोरीला कोण बघायला येणार? पाहुणे उंबऱ्याबाहेरूनच जातात. तिच्या सोबतीच्या पोरी सासरी गेल्या. नऊ दिवस मात्र तीच पोरगी पाटावर बसते, तिला साडीचोळी येते, म्हाताऱ्या तिच्या पाया पडतात. मार म्हटलं तर सुमनच्या पदरात नुसता मार राहतो. देवी म्हटलं तर काहीतरी राहतं. तिनं काय निवडावं, हे मी तिच्या जागी नसताना बोलणं सोपं आहे. तरी बोलते. गोळी गेलीच पाहिजे.

म्हणून मी समजवायचं सोडलं आणि केळं कुस्करायला घेतलं. उपासाला केळं चालतं. सुमन माळ ओवायला बसली की मी डब्यातली गोळी वाटीत चेचते.

"केळं कडू हाय," अश्विनी म्हणते.

"खा मुकाट."

तिला ठाऊक आहे. ती कधी नाही म्हणाली नाही, कधी हाव म्हणाली नाही. खाते.

यंदाची अष्टमी वेगळी झाली. आधी दर वर्षी सुमन घरातून हलायची नाही म्हणून एखादी गोळी चुकायची आणि झटका यायचाच, यंदा एकही चुकली नव्हती. आसपासच्या गावांतून बायका आल्या होत्या. तेलंगणाच्या कडेच्या गावातल्या दोघी तेलुगूतच बोलत होत्या, अम्मा, अम्मा म्हणून हात जोडत होत्या. घटातलं पिवळंधमक धान चांगलं वीतभर वाढलेलं. कारळाच्या फुलांच्या माळा सुकून खाली ओघळलेल्या. दुपार कलली तसा संबळवाल्यानं संबळ धरला. अश्विनी पाटावर बसली, केस मोकळे, डावा हात मांडीवर मेलेल्या पाखरासारखा.

संबळ वाजत राहिला. ती बसून राहिली.

सगळे तिच्याकडं बघत होते. ती दिव्याकडं बघत होती. कापराचा धूर झाला, लेकरं कंटाळून बाहेर पळाली, एक म्हातारी बसल्या बसल्या पेंगली. संबळवाल्यानं हात झटकले, पुन्हा धरले. काही झालं नाही. गोळी काम करत होती. मी मनात म्हटलं, झालं, आता सुटेल पोरगी. बायका नारळ फोडून घरी जातील, पुढच्या वर्षी कमी येतील, मग येणारच नाहीत.

सुमन माझ्याजवळ सरकली. तिचा चेहरा उतरला होता. "मावशी, आई रुसली."

"रुसू दे. पोरगी नीट हाय ना?"

"न्हाई. वर्षभराचं गोळ्यांचं इख साचलंय अंगात, म्हणून येईना ती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पुढल्या बारीला श्रावणातच बंद करते गोळ्या. अंग धुऊन निघंल."

श्रावणात बंद. मी नऊ दिवस सांभाळू शकते. दोन महिने कसे सांभाळणार?

पाट जवळच होता. अश्विनीनं मान वळवून आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि डोलायला लागली.

आधी हळू, मग जोरात. केस पुढं आले, तोंड झाकलं गेलं. संबळवाल्याला जोर चढला. बायका उठल्या, कुंकवाची ताटं पुढं झाली, तेलुगू बायकांनी जमिनीला कपाळ टेकलं. सुमन तिच्या पायावर पडली आणि हुंदके देऊन रडली, सुखानं.

मी हातातली वाटी तशीच धरून बघत राहिले. तिचे झटके मी बघितलेत. खऱ्या झटक्यात आधी डाव्या हाताचा अंगठा मुठीत वळतो, मग बाकीचं अंग. आता तो अंगठा मांडीवर उताणा पडला होता. शांत.

तेव्हा झालेलं लपवत होती. आता न झालेलं दाखवत होती. तेव्हा संघातल्या एका जागेसाठी, आता गोळ्यांच्या एका डब्यासाठी. आणि हे तिला दर अष्टमीला करावं लागणार होतं. या खेळात बदली पोरगी नाही.

एकीनं विचारलं, "आई, बोल काही." ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन रानात फुलं आणायला गेली. अश्विनी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. अंगणात सोयाबीनचा ढीग, त्यावर चिमण्या. मी केळं सोलायला घेतलं.

"अश्वे, काल तोंडानंच सांगायचं होतंस. गोळ्या चालू ठेवा म्हणून. गावानं ऐकलं असतं."

तिच्या बोलण्याची आता आधी वाट बघावी लागते.

"देवीच्या तोंडानं खोटं कसं बोलू? डोलले तेवढं बास." मग थांबून म्हणाली, "मावशी, एक सांगा. किनवटला बाईंनी विचारलं, जिंकू का. तवा हाव कोण म्हणलं? आई, का मी?"

तिच्या कपाळावर कालचं कुंकू वाळून तडकलं होतं. पाय पुढं पसरलेले, अनवाणी, तळव्यांना खुंटांचे काळे डाग. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. इतकी वर्षं हे तिनं कोणाला विचारलं नव्हतं. खोटं सांगून तिला बरं वाटलं असतं, पण मला ते जमत नाही.

"टेंगूळ म्हणलं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. हसली नाही, रडली नाही. चिमण्या उडाल्या, पुन्हा बसल्या.

"केळं नको," ती म्हणाली. उजवा हात पुढं केला, तळवा वर. "नुसती गोळी द्या."